रांगेत आपल्या पुढे उभा पुरवठादार

कंपनीचा वार्षिक अहवाल हाती आला की बहुतेक भागधारक विक्री बघतात, नफा बघतात, कर्ज बघतात आणि अहवाल मिटतात. मी ताळेबंदातल्या ‘ट्रेड पेएबल्स’ या ओळीपासून सुरुवात करतो. माल घेतला, सेवा घेतली, बिल आलं, पण पैसे अजून द्यायचे आहेत, अशी सगळी रक्कम त्या ओळीत असते. वर्धा जिल्ह्यातल्या जिनिंग-प्रेसिंग आणि तेलगिरण्यांचे हिशेब लिहिण्यात माझी सगळी उमर गेली. कारखाना अडचणीत येतोय हे बँकेच्या आधी पट्टे आणि बेअरिंग पुरवणाऱ्या दुकानदाराला कळतं, हे त्या टेबलावर बसून मला पक्कं समजलं. बँकेला महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट जातं. दुकानदाराला मात्र सोमवारी येणारा चेक गुरुवारी आला की बदल जाणवतो. पुढे स्वतःची बचत शेअर बाजारात घालायला लागलो तेव्हा हीच नजर मोठ्या कंपन्यांवर लावून पाहिली. त्यातून हाती आलेल्या गोष्टी इथे मांडतो आहे.

१. उधारीलाही व्याज असतं, ते भावात दडलेलं असतं

पुरवठादाराचे पैसे थकवणं म्हणजे बिनव्याजी भांडवल, असं अनेक जण समजतात. कंपन्यांचे मोठे अधिकारीही गुंतवणूकदारांशी बोलताना ‘खेळत्या भांडवलात सुधारणा’ असं त्याचं कौतुक करतात. वर्ध्याच्या बाजारात कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानी जा, रोखीचा भाव वेगळा आणि उधारीचा वेगळा. ज्याचे पैसे तीन महिन्यांनी येतात त्याच्या बिलात तीन महिन्यांचं व्याज आधीच मिसळलेलं असतं. मोठ्या कंपनीबाबतही हेच होतं. तिथे हे व्याज ‘वित्त खर्च’ या ओळीत दिसत नाही, कच्च्या मालाच्या खर्चात दिसतं. म्हणून देण्यांचे दिवस वाढत असताना माल-खर्चाचं विक्रीशी असलेलं प्रमाणही हळूहळू चढतंय का, हे सोबत बघावं. दोन्ही एकत्र चढत असतील तर कंपनी महाग पैसा वापरते आहे, आणि तो कर्जाच्या आकड्यात कुठेही नाही.

२. रुपये बघू नका, दिवस काढा

देणी १२० कोटींवरून २०० कोटींवर गेली, एवढ्यावरून काही कळत नाही. धंदाही वाढला असेल. म्हणून देण्यांना वर्षाच्या खरेदीने भागायचं आणि ३६५ ने गुणायचं. समजा, एका कंपनीची वर्षाची खरेदी ७३० कोटी, म्हणजे दिवसाला २ कोटी. देणी १२० कोटी असतील तर ती ६० दिवसांची. पुढच्या वर्षी खरेदी ८०० कोटी आणि देणी २०० कोटी झाली, तर दिवस झाले ९१. खरेदी दहा टक्क्यांनीही वाढली नाही, पण पुरवठादाराला एक महिना जास्त थांबावं लागतंय. हा महिना कुठून आला, हे शोधणं गुंतवणूकदाराचं काम.

खरेदीचा आकडा अहवालात सरळ लिहिलेला नसतो. ‘वापरलेल्या मालाचा खर्च’ घ्यायचा, त्यात कच्च्या मालाचा अखेरचा साठा मिळवायचा, सुरुवातीचा साठा वजा करायचा, आणि विकण्यासाठी आणलेल्या तयार मालाची खरेदी जोडायची. विक्रीने भागायचा सोपा रस्ता बरेच जण घेतात. पण नफ्याचं प्रमाण बदललं की तो आकडा फसवतो.

दोन बारकावे आहेत. पहिला जीएसटीचा. पुरवठादाराच्या बिलात १८ टक्के कर असेल तर देण्यात ११८ रुपये धरलेले असतात आणि खरेदीत १००. त्यामुळे निघालेले दिवस खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. एकाच कंपनीची वर्षं एकमेकांशी ताडताना याने बिघडत नाही, पण वेगळ्या कराच्या दोन धंद्यांची तुलना करताना बिघडतं. दुसरा बारकावा यंत्रसामग्रीचा. नवीन यंत्राचे थकलेले पैसे सहसा ‘ट्रेड पेएबल्स’मध्ये येत नाहीत, ‘इतर वित्तीय देण्यां’च्या टिपेत ‘भांडवली वस्तूंचे धनको’ म्हणून येतात. विस्तार चालू असलेल्या कंपनीत ती टीप न वाचता पुढे जाऊ नये.

२०२१ पासून एक सोय झाली आहे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मार्च २०२१ मध्ये बदल झाले, आणि कंपन्यांना काही ठरावीक गुणोत्तरं स्वतःच छापावी लागतात. त्यांत देण्यांच्या उलाढालीचं गुणोत्तरही आहे. मागच्या वर्षापेक्षा ते २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण लिहावं लागतं. हे कारण मी शब्दन् शब्द वाचतो. ‘वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत खरेदी वाढल्यामुळे’ असं लिहिलं असेल तर साठाही वाढलेला दिसायला हवा. तो वाढला नसेल तर दिलेलं कारण आकड्यांशी जुळत नाही.

३. कोणता महिना, हे आधी विचारा

कापसाच्या मुलुखात राहिल्यामुळे हा धडा मला कुणी शिकवावा लागला नाही. आपल्याकडे दसरा-दिवाळीपासून कापूस घरात येतो. हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलूच्या बाजारांत मार्चपर्यंत गाड्यांची रांग लागते. सूतगिरणीला वर्षभराची रुई याच पाच महिन्यांत भरून ठेवावी लागते, कारण नंतर भाव आणि प्रत दोन्हींचा भरवसा राहत नाही. त्यामुळे ३१ मार्चला सूतगिरणीच्या गोदामात गाठींची थप्पी छताला लागलेली असते आणि बँकेची कॅश क्रेडिट शेवटच्या टोकाला पोचलेली असते. ३० सप्टेंबरला तेच गोदाम रिकामं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ताळेबंद वर्षातून दोनदाच, मार्च आणि सप्टेंबरच्या निकालांबरोबर द्यावा लागतो. मार्चचा आकडा सप्टेंबरशी ताडून ‘सहा महिन्यांत देणी निम्म्यावर आली, कारभार सुधारला’ असा निष्कर्ष काढणारे विश्लेषण मी वाचलं आहे. तिथे फक्त हंगाम संपलेला असतो. म्हणून मार्च मार्चशी, सप्टेंबर सप्टेंबरशी.

या धंद्यात आणखी एक गोष्ट आहे. बाजार समितीच्या नियमानुसार शेतकऱ्याच्या मालाचं वजन झालं की पैसे त्याच दिवशी द्यायचे असतात. व्यवहारात कधी चार-आठ दिवस जातात, पण कापसाचा चुकारा साठ-नव्वद दिवस थकवून जिनिंग चालवता येत नाही. पुढच्या आठवड्यात शेतकरी दुसऱ्या जिनिंगच्या फाटकावर गाडी लावतो. राज्यात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती तेव्हा चुकारा हप्त्याहप्त्याने यायचा. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत मुलीचं लग्न, सावकाराची फेड, पोरांची फी या सगळ्यांच्या तारखा त्या हप्त्यांना बांधलेल्या असत. सरकारच एकटं खरेदीदार असल्यामुळे शेतकऱ्याला दुसरं फाटक नव्हतं. उधारी किती दिवस ओढता येते हे देणाऱ्याच्या नियतीपेक्षा घेणाऱ्यापुढे दुसरं फाटक आहे की नाही यावर ठरतं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या वाहन कंपनीला एकच सुटा भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदाराची अवस्था त्या काळातल्या आपल्या शेतकऱ्यासारखीच असते.

म्हणून जिनिंग किंवा सूतगिरणीच्या कंपनीत देण्यांचे दिवस कमी आणि बँकेचं कर्ज जास्त दिसलं तर ते त्या धंद्याचं अंगभूत लक्षण समजावं. उलट, कापूस घेणाऱ्या कंपनीची देणी अचानक ७०-८० दिवसांवर गेली तर मी चटकन थांबतो. शेतकरी इतका थांबत नाही. मग मध्ये कोण थांबलाय? अडत्या, व्यापारी, की प्रवर्तकांचीच दुसरी एखादी फर्म? याचं उत्तर ‘संबंधित पक्षांचे व्यवहार’ या टिपेत बऱ्याचदा सापडतं.

४. रोकड प्रवाहातली ती एक ओळ

वर घेतलेल्याच उदाहरणात देणी ८० कोटींनी वाढली. रोकड प्रवाह पत्रकात ही वाढ धंद्यातून आलेल्या पैशात मिळवली जाते. कंपनीचा नफा ५० कोटी असेल तर वाचणाऱ्याला वाटतं, वा, नफ्याच्या दुपटीहून जास्त रोकड आली. ती रोकड पुरवठादारांच्या खिशातून आली आहे, आणि तीही एकदाच. ६० चे ९१ दिवस केले की पैसा सुटतो. पुढच्या वर्षी तेवढाच पैसा पुन्हा सोडवायचा तर १२० दिवस करावे लागतील. तेही कधीतरी थांबतं, आणि मग उलटा प्रवाह सुरू होतो. मी पाच वर्षांची बेरीज करतो: धंद्यातून आलेल्या एकूण रोकडीत देण्यांच्या वाढीचा वाटा किती. तो तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला तर लाभांशाच्या बातमीनं मी हरखत नाही.

५. जास्त दिवस वाईट आणि कमी दिवस चांगले, असं सरळ गणित नाही

बजाज ऑटोची मुळं आपल्या वर्ध्यात आहेत. १९४५ मध्ये ही कंपनी ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ या नावानं सुरू झाली, आणि हे बछराज म्हणजे जमनालाल बजाजांना दत्तक घेणारे वर्ध्याचे कापूस व्यापारी. या कंपनीच्या ताळेबंदांत वर्षानुवर्षं पुरवठादारांची देणी मालाच्या साठ्यापेक्षा मोठी दिसतात. गाडी लवकर विकली जाते, देशातल्या डीलरकडून पैसा लवकर येतो आणि सुट्या भागांचे पैसे त्यानंतर द्यायचे असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा आकडा मोठा वाटेल, पण त्याच ताळेबंदात रोख आणि रोख्यांमधली गुंतवणूक त्याच्या कितीतरी पट असते. उद्या सकाळी सगळ्यांचे पैसे द्यायचे ठरवलं तरी देता येतील. अशी देणी म्हणजे बाजारातली पत.

दुसऱ्या टोकाला डीमार्ट. राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. किराणा विकणाऱ्या साखळ्या पुरवठादाराला महिना-दीड महिना थांबवतात, तर डीमार्ट साधारण आठवडा-दहा दिवसांत पैसे देते. लवकर पैसे मिळतात म्हणून कंपन्या त्यांना कमी भावात माल देतात आणि त्यातला भाग गिऱ्हाईकाला स्वस्ताईच्या रूपाने मिळतो. इथे कमी दिवस हेच हत्यार आहे. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या साखळीचे दिवस कमी असण्याचं कारण अगदी वेगळं असू शकतं, आणि त्याकडे मी आठव्या मुद्द्यात येतो.

तेव्हा दिवसांच्या शेजारी नेहमी दोन आकडे लिहावेत: हातातली रोकड आणि न वापरलेली बँक-मर्यादा. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि तरी तो उधारीवर घेतो त्याची गोष्ट वेगळी, ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याची वेगळी.

६. वयाचा तक्ता

वार्षिक अहवालातलं माझं सर्वांत आवडतं पान. २०२१ च्या बदलांनंतर प्रत्येक कंपनीला देण्यांचं वय द्यावं लागतं: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षं, दोन ते तीन वर्षं, तीन वर्षांहून जुनी. सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांची वेगळी, इतरांची वेगळी, वादातली वेगळी. हा तक्ता येण्याआधी आम्हाला हे अंदाजाने ताडावं लागे.

या तक्त्यात मी तीन गोष्टी शोधतो. दोन-तीन वर्षं जुनी देणी वाढताहेत का. वादातल्या रकमा वाढताहेत का. पैसे नसले की मालात खोट काढायची ही जुनी रीत आहे, आणि माल वापरून सहा महिने झाल्यावर निघालेल्या खोटीवर माझा विश्वास बसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लहान उद्योगांच्या रकान्यात काय आहे.

त्या रकान्यामागे मोठा कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. बँक दर ६.७५ टक्के होता तेव्हा हे व्याज २०.२५ टक्के होत होतं. शिवाय हे व्याज आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. अशी थकबाकी आणि त्यावरचं व्याज अहवालाच्या टिपांत लिहावंच लागतं. कायदा इतका कडक असूनही लहान कारखानदार व्याज मागत नाही, कारण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर जाते. म्हणून व्याजाच्या ओळीत शून्य आणि थकबाकीच्या ओळीत मोठी रक्कम दिसली की मला ती गप्प बसलेली माणसं दिसतात. देवळी आणि सेवाग्रामच्या औद्योगिक वसाहतींत अशी माणसं मी ओळखतो. आठ-दहा कामगारांचा पगार दर सात तारखेला देणारा, आणि स्वतःचं बिल चार महिने पास होण्याची वाट पाहणारा माणूस मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडून पगार करतो. हे लिहिताना मला राग येतो, आणि यायलाच हवा.

२०२३ च्या वित्त कायद्यानं आयकर कायद्यात कलम ४३ बी (एच) आणलं, ते २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. त्या मार्चमध्ये बाजारात पैसे बरेच हलले. अभ्यासकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मार्च २०२४ पासूनचे लहान उद्योगांच्या देण्यांचे आकडे आधीच्या वर्षांशी सरळ ताडता येत नाहीत. वर्षअखेरीला बिलं चुकती करून एप्रिलमध्ये पुन्हा थकवायला सुरुवात झाली का, हे सप्टेंबरच्या ताळेबंदात बघावं लागतं.

७. देण्यांच्या पोटात लपलेलं बँकेचं कर्ज

पोलाद, तांबं, खत अशा धंद्यांत ‘ॲक्सेप्टन्सेस’ नावाची ओळ देण्यांच्या टिपेत असते. कंपनीने माल मागवला, बँकेनं पतपत्र दिलं, पुरवठादाराला बँकेकडून पैसे मिळून तो मोकळा झाला, आणि कंपनी बँकेला काही महिन्यांनी देणार. पुरवठादार समाधानी आहे, देणं खरं तर बँकेचं आहे, त्यावर व्याजही चालू आहे, पण ताळेबंदात ते ‘ट्रेड पेएबल्स’मध्ये बसलेलं. जेएसडब्ल्यू स्टीलसारखी कंपनी हा आकडा वेगळा दाखवते आणि जाणते विश्लेषक तो कर्जात मिळवूनच हिशेब करतात. मीही तेच करतो. व्याजाचं ओझं मोजताना तर हे केलंच पाहिजे.

परदेशात याचं टोकाचं उदाहरण ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीचं. पुरवठादारांना १२० दिवस थांबा म्हणायचं, आणि घाई असेल तर बँकेकडून कपात सोसून आधी पैसे घ्या म्हणायचं, अशी त्यांची योजना होती. बँकेला द्यायची ती रक्कम कर्जात न दाखवता देण्यांत दाखवली गेली. जानेवारी २०१८ मध्ये कंपनी कोसळली तेव्हा हातात २.९ कोटी पाउंड रोकड होती आणि देणी जवळपास ७०० कोटी पाउंडांची. यानंतर आंतरराष्ट्रीय लेखा मानकं बदलली आणि २०२४ पासून अशा योजनांची माहिती उघड करणं सक्तीचं झालं. भारतीय मानकांतही तो बदल त्यानंतर आला.

आपल्याकडची टीआरईडीएस ही बिल वटवण्याची व्यवस्था मात्र मला चांगली वाटते. लहान उद्योगाचं बिल मोठ्या कंपनीनं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेनं २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली. अट एकच, बिल मान्य तर व्हायला हवं. नोंदणी करून बिलंच मान्य न करणारी कंपनी कायद्याचा कागद पाळते, एवढंच.

८. देणी घटली की टाळ्या वाजवण्याआधी पान उलटा

देण्यांचे दिवस ८० वरून ४५ वर आले. छान दिसतं. पण मालमत्तेच्या बाजूला ‘पुरवठादारांना दिलेले आगाऊ पैसे’ ही ओळ त्याच वर्षी फुगली असेल तर गोष्ट उलटी आहे. बाजारानं उधारी बंद केली आहे. पुरवठादार म्हणतो, आधी पैसे टाका, मग ट्रक निघेल.

अडचणीतल्या कंपनीचा प्रवास साधारण असा असतो: पहिल्या टप्प्यात दिवस वाढतात, दुसऱ्या टप्प्यात मोठे पुरवठादार हात आखडतात आणि लहान अडकतात, तिसऱ्या टप्प्यात सगळेच रोख मागतात. तिसऱ्या टप्प्यात आकडा सुधारल्यासारखा दिसतो. त्याच वेळी बँकेचं अल्पमुदतीचं कर्ज वाढलेलं असतं, कारण उधारीची जागा कशानं तरी भरावी लागते, आणि कच्च्या मालाचा साठा पातळ झालेला असतो. जेट एअरवेजच्या बाबतीत एप्रिल २०१९ मध्ये इंधन कंपनीनं पुरवठा थांबवला, आणि त्याच महिन्यात विमानं जमिनीवर आली. पुरवठादाराने हात आखडल्यावर मोठ्या कंपनीलाही फार दिवस मिळत नाहीत.

९. भूगावची भट्टी आणि कलम ५३

वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा मोठा कारखाना आहे. तो आधी लॉइड्स स्टीलचा होता, पुढे उत्तम समूहाकडे गेला आणि कंपनीचं नाव उत्तम व्हॅल्यू स्टील्स झालं. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, शेजारी त्याच समूहाची उत्तम गाल्वा मेटॅलिक्स. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेल्या. २०२० मध्ये कार्व्हल आणि निथिया कॅपिटल यांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली, आणि आज ते कारखाने इव्होनिथ नावानं चालतात. कारखाना वाचला, भट्टी पेटती राहिली, जिल्ह्याच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट झाली.

गुंतवणूकदारानं अशा प्रकरणात एक कलम पाठ करावं. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतलं कलम ५३ सांगतं, की कंपनी मोडीत निघाली तर पैसे कोणत्या क्रमानं वाटायचे. प्रक्रियेचा खर्च पहिला. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका. मग इतर कर्मचारी, मग बिनतारण कर्ज देणारे, मग सरकारी येणी आणि त्यानंतर ‘उरलेली देणी’. सामान्य पुरवठादार या उरलेल्यांत येतो. त्याच्यामागे प्राधान्य भागधारक आणि सर्वांत शेवटी आपण, साधे भागधारक. म्हणजे त्या लांब रांगेत बँक खूप पुढे आहे, आणि आपल्या थोडाच पुढे उभा आहे तो पट्टे-बेअरिंगवाला. त्याचे पैसे बुडाले तर आपले उरण्याचा प्रश्नच नाही. बँकेनं कर्ज दिलंय म्हणून कंपनी सुरक्षित, असं समजणाऱ्यांना मी हेच सांगतो: बँकेकडे तारण आहे, तुमच्याकडे नाही. तुमचं नशीब पुरवठादाराच्या नशिबाला बांधलेलं आहे, तर त्याच्यावर नजर ठेवा.

ही नजर ठेवायची साधनं आज फुकट मिळतात. पैसे थकलेला पुरवठादार संहितेच्या कलम ९ खाली न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. मार्च २०२० मध्ये त्यासाठीची थकबाकीची किमान रक्कम एक लाखावरून एक कोटी केली, त्यामुळे लहान पुरवठादार तिथे पोचत नाही. पण जे पोचतात त्यांची प्रकरणं न्यायाधिकरणाच्या रोजच्या सुनावणी-यादीत कंपनीच्या नावानं दिसतात. एखादं प्रकरण खऱ्या वादाचं असू शकतं. एकाच वर्षात वेगवेगळ्या धंद्यांतले चार पुरवठादार अर्ज घेऊन आले तर तो योगायोग धरू नये. दुसरं साधन पतमानांकन संस्थांचे अहवाल. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज यांच्या संकेतस्थळांवर ते वाचता येतात. बँक-मर्यादा किती टक्के वापरली, देणी ताणली गेली आहेत का, याबद्दल ते कंपनीच्या व्यवस्थापनापेक्षा मोकळेपणानं लिहितात.

१०. ज्याचे पैसे अडकलेत त्याच्याशी बोला

आकड्यांचा अभ्यास घरी होतो, पण त्याची खातरजमा बाहेर पडून करावी लागते. ज्या कंपनीचे शेअर घ्यायचे आहेत तिचा कारखाना जवळ असेल तर तिथल्या वाहतूकदाराशी, पॅकिंगचं सामान देणाऱ्याशी, कॅन्टीन चालवणाऱ्याशी बोलावं. त्यांना कंपनीची गुपितं विचारायची नाहीत. ‘भाऊ, पेमेंट वेळेवर येतं का?’ एवढाच प्रश्न. विदर्भातला माणूस याला सरळ उत्तर देतो. ‘येतं जी, पण आजकाल चार फोन लावावे लागतात’ असं वाक्य ऐकलं की मी घरी येऊन अहवालातला वयाचा तक्ता पुन्हा उघडतो. एका माणसाच्या बोलण्यावर निर्णय घेऊ नये. त्याचं स्वतःचं बिल चुकीचं असू शकतं. तीन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी तेच सांगितलं तर मात्र तो माल विकणाऱ्याचा गैरसमज राहत नाही.

जिथे जाता येत नाही तिथे वार्षिक सभा आहे. आता या सभा व्हिडिओवरून होतात, वर्ध्यात बसूनही नाव नोंदवून बोलता येतं. मी विचारतो तो प्रश्न असा: ‘सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांची बिलं आपण मान्य झाल्यापासून सरासरी किती दिवसांत चुकती करता, ॲक्सेप्टन्सेसची रक्कम किती, आणि पुरवठादारांना दिलेली आगाऊ रक्कम गेल्या वर्षीपेक्षा किती बदलली?’ ज्यांचा कारभार नीट असतो त्यांचे वित्त अधिकारी तिन्ही आकडे तिथल्या तिथे सांगतात. काही जण ‘स्वतंत्रपणे ईमेलनं कळवू’ म्हणतात, आणि खरंच कळवतात. ज्यांच्याकडून पुढच्या सभेपर्यंत काही येत नाही त्या कंपनीत मी नवे पैसे घालत नाही, आणि जुने असतील तर सप्टेंबरचा ताळेबंद आला की ते काढायचे का हे ठरवतो.